विहिरीतला पोहणारा

तिसगाव आणि समुद्र यांचा काही संबंध आहे असे आजवर कोणी म्हटलेले नाही. नगरहून पाथर्डीकडे निघाले आणि करंजीचा घाट ओलांडला की आमचे गाव लागते. सरकारी कागदावर जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण आमच्या तोंडी अजून नगरच बसलेले आहे. गावापासून सरळ रेघ ओढली तरी समुद्र दोनशे किलोमीटरांहून अधिक लांब. एका अंगाला मढीच्या कानिफनाथांचा गड, एका अंगाला वृद्धेश्वराचा डोंगर, आणि मधे बेताच्या पावसाचे माळ. पाणी म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे हंडा येतो, कळशी येते, टँकर येतो, आणि पाऊसकाळ बरा झालेला असला तर काठोकाठ भरलेली विहीर येते. लाट काही येत नाही.

पण वाचकहो, अशा गावातच पट्टीचे पोहणारे निपजतात, हे तुम्हाला ठाऊक नसेल. जिथे पाणी थोडे तिथे त्याचे कौतुक फार. आम्ही लहानपणी पाठीला सुकलेला भोपळा बांधून विहिरीत पडलो. पडलो म्हणजे काय, थोरल्या चुलत्यांनी ढकलले म्हणून पडलो. चार दिवसांनी भोपळा सुटला, आठ दिवसांनी भीती सुटली, आणि त्या उन्हाळ्याच्या अखेरीस आम्ही थारोळ्यावरून मुटके मारू लागलो. तळाची चिखलमाती मुठीत धरून वर आणली की पोहण्याची पदवी मिळाली. तेवढ्या भांडवलावर आम्ही जगातल्या कोणत्याही पाण्याला भीत नव्हतो. कारण जगात दुसऱ्या जातीचे पाणी असते हेच आम्हाला माहीत नव्हते.

ते मला गेल्या दिवाळीत समजले. साठी उलटल्यावर समजले याची थोडी लाज वाटते, पण शहाणपण उशिरा आले तरी ते परत पाठवता येत नाही.

त्याचे असे झाले. भाऊबीज उरकली आणि आमच्या सौभाग्यवतींनी ठराव मांडला की यंदा तिसगावची मंडळी पुण्याला आलीच आहेत, तर सर्वांनी मिळून कोकण पाहावे. तिसगावची मंडळी म्हणजे माझे थोरले बंधू, वहिनी आणि त्यांचा धाकटा मुलगा. पुतण्या बावीस वर्षांचा, अंगाने दांडगा, आणि घराण्याच्या परंपरेप्रमाणे विहिरीचा पदवीधर. ठराव एकमताने मंजूर झाला. आम्ही रात्रीच मोटारीने निघालो आणि गुहागर तालुक्यातल्या हेदवीला पोचलो.

हेदवी हे दशभुज गणपतीचे गाव. देवदर्शन झाले, आणि मग कोणीतरी सांगितले की समुद्रकाठी उमामहेश्वराचे देऊळ आहे आणि त्याच्यामागे बामणघळ आहे, ती भरतीच्या वेळी पाहण्यासारखी असते. आम्ही गेलो ते दुपारचे दोन वाजले होते. काळ्या कातळात एक अरुंद भेग पडलेली आहे. बाहेरून लाट आली की पाणी त्या भेगेत शिरते, पुढे जायला जागा नाही म्हणून वर उसळते, आणि मोठा आवाज करून पांढराशुभ्र फवारा आकाशात जातो. वहिनींनी हात जोडले. सौभाग्यवतींनी छायाचित्रे काढली. माझ्या मनात त्या वेळी एवढा साधा विचार यायला हवा होता की जे पाणी दगडाच्या भेगेत असे वागते ते वाळूवर काही निराळे वागणार नाही. पण तो आला नाही. आम्ही फवारा पाहिला, वाहवा केली, आणि जेवायला गेलो.

साडेचारच्या सुमारास पुन्हा किनाऱ्यावर आलो. ही पुळण काही जुहूसारखी किंवा गणपतीपुळ्यासारखी लांबरुंद नव्हे. कातळांच्या कुशीत वाळूची एक चिमुकली पट्टी, एवढाच तिचा पसारा. गर्दी नाही, भेळेची गाडी नाही, उंटवाला नाही. आम्ही गेलो त्या दिवशी तिथे जीवरक्षकही कोणी नव्हता, शिट्टी नव्हती, झेंडा नव्हता. आम्हाला ते सारे फारच आवडले. आपल्याकरता देवाने राखून ठेवलेला समुद्र, असे मी म्हटल्याचेही आठवते.

पुतण्याने शर्ट काढला आणि पाण्याकडे पाहिले. मधल्या भागात लाटा एकामागून एक फुटत होत्या, फेस होत होता. उजव्या अंगाला कातळाजवळ मात्र आठ-दहा हात रुंदीची एक गल्ली होती, तिथे लाट फुटतच नव्हती. पाणी जरा गडद, शांत, विहिरीसारखे.

“काका, तिकडं बरं हाय. लाटा न्हाईत,” तो म्हणाला.

वहिनींनी माझ्याकडे पाहिले. त्या घरात शिकलेला आणि जग पाहिलेला म्हणून माझी ख्याती. मी म्हणालो, “जा रे, खुशाल जा. इहिरीत वाढलेला तू, तुला काय भीती?”

हे वाक्य मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो आहे. ते माझेच होते.

तो गेला. पहिली दोन मिनिटे दिसायला सुरेख होती. मग माझ्या ध्यानात आले की तो हात मारतो आहे किनाऱ्याकडे, पण जातो आहे समुद्राकडे. आधी वाटले, गंमत करतो आहे. मग त्याचा चेहरा दिसला. विहिरीत पोरे गंमत करतात तेव्हा चेहरा असा होत नाही. तो जीव खाऊन सरळ आमच्याकडे पोहत होता, आणि आमच्यातले अंतर वाढत होते.

दादांनी धोतर खोचले. तेही त्याच विहिरीचे. सत्तरीच्या घरात आले तरी पाण्याला पाठ दाखवणारे नव्हेत. ते धावले, आणि तेवढ्यात माडांतून एक म्हातारेसे गृहस्थ आले व त्यांनी दादांचा दंड धरला.

“एकाचे दोन नका करू,” ते म्हणाले, आणि दोन्ही हात आडवे हलवून पुतण्याला ओरडले, “इकडे नको येऊ! आडवा जा, आडवा! फेसाकडे!”

ऐकू गेले की नाही कोण जाणे, पण हाताची खूण त्याने पाहिली. तो थांबला. उताणा झाला, दम घेतला. पाणी त्याला आणखी आत घेऊन गेले. त्या क्षणी वहिनींच्या तोंडून जो शब्द निघाला तो मी लिहीत नाही. मग तो किनाऱ्याशी समांतर, डाव्या हाताला पोहू लागला. तीस-चाळीस हात गेला असेल, आणि एकाएकी ओढ सुटली. जिथे लाटा फुटत होत्या तिथे तो पोचला, आणि ज्या लाटांना भिऊन तो शांत पाण्यात गेला होता त्याच लाटांनी त्याला ढकलत ढकलत वाळूवर आणून टाकले. गुडघ्यांवर रांगत तो वर आला. कोणी काही बोलले नाही. दादांनी उपरण्याने त्याचे डोके पुसले, तो पाच वर्षांचा असताना पुसत तसे.

ते गृहस्थ निघता निघता म्हणाले, “पाण्याशी भांडायचं नसतं. नेतंय तर जरा जायचं त्याच्याबरोबर, मग आपल्या वाटेनं यायचं.” नाव विचारले तर हसले आणि गेले.

पुण्याला परतल्यावर मी या विषयावर मिळेल ते वाचून काढले. आधी वाचले असते तर बरे, पण ती आपली पद्धत नव्हे. जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो, कारण दिवाळीच्या सुटीत यंदाही पुष्कळ कुटुंबे कोकणात उतरतील, आणि त्यांतली निम्मी तरी आमच्यासारखी घाटावरची, विहिरीवर पोहायला शिकलेली असतील.

ती शांत गल्ली म्हणजे काय? लाटा किनाऱ्यावर येतात त्या एकट्या येत नाहीत, पाणी घेऊन येतात. ते पाणी वाळूवर साचते आणि त्याला परत जायचे असते. ते सगळीकडून सारखे परतत नाही. वाळूच्या दांड्यांमधे जिथे खोलगट वाट सापडेल, किंवा कातळाच्या कडेला जिथे खळगा असेल, तिथून ते एकवटून नदीसारखे बाहेर धावते. त्या वाटेत पाणी खोल असते म्हणून लाट फुटत नाही. त्यामुळे काठावरून पाहणाऱ्याला तेवढीच जागा सुरक्षित वाटते. शास्त्रज्ञ याला रिप करंट म्हणतात. आपण ओढ म्हणू. तिचा वेग साधारणपणे सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास असतो, पण जोर चढला तर दोन मीटरांच्याही पुढे गेल्याच्या नोंदी आहेत. तुमच्याआमच्यासारखा माणूस सेकंदाला एक मीटर पोहला तरी पुष्कळ झाले. म्हणजे उलट पोहून ही शर्यत जिंकता येत नाही. मात्र ही ओढ माणसाला खाली खेचत नाही, फक्त बाहेर नेते. ती अरुंद असते, आणि लाटा फुटतात त्या रेषेपलीकडे गेल्यावर तिचा जोर ओसरतो. माणूस बुडतो तो दमून आणि घाबरून. समुद्राचे पाणी खारट म्हणून विहिरीच्या पाण्यापेक्षा जड असते, त्यात तरंगणे उलट सोपे. तरंगत राहिलेला माणूस वाचण्याची आशा असते. भांडणारा दमतो.

आणि या बाबतीत पट्टीच्या पोहणाऱ्याने फुशारकी मारू नये. हॅरॉल्ड होल्ट हे ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान. पोहण्याचा आणि पाण्याखाली मासे मारण्याचा त्यांना मोठा नाद. १७ डिसेंबर १९६७ रोजी मेलबर्नजवळच्या चेव्हियट नावाच्या पुळणीवर ते मित्रमंडळींसमक्ष पाण्यात उतरले. ही जागा त्यांच्या ओळखीची होती. ते परत आले नाहीत, आणि त्यांचा देहही कधी सापडला नाही. पंतप्रधानाची ही गत, तिथे तिसगावच्या पदवीधराची काय कथा!

इतके लांब जायलाही नको. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातल्या मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. पुढच्याच वर्षी, १५ एप्रिल २०१७ला, मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बेळगावहून आलेल्या सहलीतले ८ जण गेले. दोन्ही ठिकाणी घाटावरची तरुण मुले, सुटीचा आनंद, आणि अनोळखी पाणी. गोव्यात २००८पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षकांची व्यवस्था आहे. आपल्याकडे काही मोठ्या पुळणींवर असे लोक दिसतात, पण कोकणाला शेकडो किलोमीटरांचा किनारा आहे आणि त्यात हेदवीसारख्या चिमुकल्या पुळणी असंख्य. प्रत्येक ठिकाणी शिट्टीवाला उभा राहील ही आशा करण्यापेक्षा आपले डोळे उघडे ठेवणे बरे.

डोळे कुठे ठेवावे, तेही सांगतो. पाण्यात उतरण्याआधी दहा मिनिटे नुसते उभे राहावे. फेसाच्या ओळीत कुठे खंड पडला आहे का, कुठे पाणी गढूळ होऊन बाहेर चालले आहे का, तरंगती पाने, काटक्या कोणत्या दिशेला जातात, हे पाहावे. कातळाची कड टाळावी. खाडीचे तोंडही टाळावे, कारण ओहोटीला सगळी खाडी तिथून रिकामी होत असते. हिरवट शेवाळ चढलेल्या कातळावर छायाचित्रासाठी चढू नये. पाय घसरतो, आणि भरती आली तर परतीची वाट बंद होते. वाळू उभ्या उताराची असेल तर लाट पायाशी येऊन आपटते आणि मोठ्या माणसालाही पाडते. तिथे मुलांना नेऊ नये. गेल्या वर्षी इथे कमरेइतके पाणी होते, ही आठवण यंदा उपयोगाची नाही. पावसाळ्यात समुद्र किनाऱ्याची वाळू ओढून नेतो आणि पुढे थोडीथोडी परत आणून टाकतो, त्यामुळे खळगे दरसाल जागा बदलतात. पावसाळ्यात तर पाण्याकडे फिरकूच नये. कोळी लोक नारळीपौर्णिमेला समुद्राची पूजा केल्यावाचून होडी पाण्यात लोटत नाहीत, त्यामागे श्रद्धा आहे तसा अनुभवही आहे.

आता भरती-ओहोटी. हिचे गणित आपल्या भिंतीवरच टांगलेले आहे, आणि हे कळले तेव्हा मी स्वतःला दोन शब्द सुनावले. कोकणातली जुनी माणसे तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. सकाळीही तीच वेळ, रात्रीही जवळजवळ तीच. त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. जागेप्रमाणे थोडा फरक पडतो, पण अदमास येतो. शुद्ध असो वा वद्य, हिशेब एकच.

शिवाय अमावास्येला आणि पौर्णिमेला उधाण असते. सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते, पाणी जास्त चढते आणि तितकेच जास्त उतरते. हा जोर अमावास्या संपताच संपत नाही. एखाददोन दिवस उलटल्यावर तो सर्वांत अधिक असतो. आता लक्ष्मीपूजन असते अमावास्येला, भाऊबीज द्वितीयेला. म्हणजे दिवाळीची पाहुणेमंडळी समुद्रावर पोचतात ती नेमकी उधाणात! आम्ही हेदवीला गेलो तो दिवस तृतीयेचा. तिनाची पाऊणपट सव्वादोन. बामणघळीचा फवारा आम्ही दोन वाजता पाहिला तो त्यामुळेच इतका उंच. आणि पुतण्या साडेचारला पाण्यात गेला तेव्हा उधाणाचे ते सारे पाणी परत निघाले होते. आकाशकंदील, फराळ, ओवाळणी या सगळ्यांसाठी आम्ही तिथी पाहिली होती. समुद्रासाठी तेवढी पाहिली नाही.

चुकून कोणी ओढीत सापडलाच, तर त्याने उताणे तरंगावे, एक हात वर करावा, श्वास जागेवर आला की किनाऱ्याशी समांतर पोहावे आणि फुटणाऱ्या लाटांबरोबर आत यावे. काठावरच्याने उडी मारू नये. रिकामा कॅन, चेंडू, टोपण घट्ट लावलेली मोठी बाटली, जे तरंगेल ते फेकावे, हाताने बाजूची दिशा दाखवावी, आणि ११२ किंवा तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक फिरवावा. गावातला माणूस हाकेच्या अंतरावर असेल तर त्याला आधी हाक मारावी. बाहेर काढलेल्या माणसाला पालथे घालून पोट दाबायची आमच्या विहिरीवरची पद्धत सोडून द्यावी. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास देणे आणि छाती दाबणे, यांतच वेळ घालवावा. हे दोन्ही कसे करतात ते घरातल्या एकाने तरी शिकून ठेवावे. आमच्या घरी सौभाग्यवती शिकल्या आहेत.

पुतण्याचे म्हणाल तर तो आता ठीक आहे. पोहणे सोडलेले नाही. यंदा पाऊस बरा झाला, विहीर भरली, आणि तो पुन्हा सूर मारतो, असे दादांनी फोनवर सांगितले. मी त्या दिवशी काय म्हणालो होतो, याची आठवण मला घरात कोणीही करून दिलेली नाही. त्यामुळेच ती जास्त होते.

परवा वहिनींचा फोन आला. दिवाळीला येताय ना, म्हणून मी विचारले. त्या म्हणाल्या, “येतो की भावजी. आणि समुद्रावर पण जाऊ, पोराच्या मनातली भीती गेली पायजे.” मग जरा थांबल्या, आणि अगदी गरीब आवाजात म्हणाल्या, “पण कोणत्या तिथीला जायचं, ते यंदा मी सांगन.”